विहीर बांधून काढण्याआधी

पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर नवी विहीर खोदली जात होती. गेल्या डिसेंबरात एका शनिवारी आम्ही तिथे गेलो. सातवीची २३ मुलं, त्यांचे दोन गुरुजी, एक बाई आणि मी. काठापासून चार हात अलीकडे दोर बांधला होता. पाच-पाच मुलांनी त्याच्याशी पोटावर पडून आत बघायचं, बाकीच्यांनी लांब बसायचं. समोरच्या भिंतीवर ऊन पडलं होतं आणि वरपासून खालपर्यंत सगळे थर उघडे दिसत होते: काळी माती, पिवळट मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा खडक, त्याखाली हातभर लाल पट्टा आणि तळाशी काळा फत्तर.

मी कॉलेजात २८ वर्षं भूशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर शिक्षकांसाठी कार्यशाळा घ्यायला लागले. पहिली कार्यशाळा मी पडद्यावर चित्रं दाखवून घेतली. ज्वालामुखी, लाव्हाचे प्रवाह, खनिजांची इंग्रजी नावं असं सगळं त्यात होतं. शिक्षकांनी ते मन लावून उतरवून घेतलं. शेवटी एक बाई म्हणाल्या, "मॅडम, पण हे आमच्या गावात कुठे बघायला मिळेल?" त्यांच्या शाळेची भिंत काळ्या दगडाची होती आणि पटांगणाला लागून विहीर होती. तो प्रश्न मला आजही टोचतो. चूक त्यांची नव्हती. मी त्यांना त्यांचाच दगड परक्या नावाने दाखवत होते.

तेव्हापासून मी सुरुवात आबांपासून करते. आबांचं सगळं आयुष्य विहिरी खोदण्यात गेलं. आता ते काठावर बसून तरुणांना सांगतात. मुलांना त्यांनी विचारलं, "पाणी कुठून येईल रं? त्या ठिपकेवाल्यातून का काळ्यातून?" सगळी मुलं ओरडली, ठिपकेवाल्यातून, त्याला भोकं आहेत! आबा मान हलवत म्हणाले, "ह्यो मांजऱ्या. फोडायला बरा, पण पाणी देत न्हाई. काळ्याला सुरुंग लागतो, पण झरा फुटला तर त्याच्याच चिरंतून."

एवढ्या दोन वाक्यांवर माझा तासभराचा पाठ उभा राहतो. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे वर येतात आणि थराच्या वरच्या भागात अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं भरतात, तेच ते पांढरे ठिपके. म्हणजे भोकं आहेत, पण एक भोक दुसऱ्याला जोडलेलं नाही आणि बहुतेक बुजलेली आहेत. न झिजलेल्या मांजऱ्यातून पाणी फारसं सरकत नाही. काळा फत्तर आवळलेला दिसतो, पण थंड होताना आकसल्यामुळे त्याला उभ्या चिरा पडतात. पाणी त्या चिरांमधून फिरतं. मुलांनी दोन्ही दगडांवर तांब्यातून पाणी ओतलं. मांजऱ्यावरून ते ओघळून गेलं, काळ्याच्या चिरेत मुरलं. मांजऱ्या झिजून भुसभुशीत झाला की त्यातही पाणी साठतं, हेसुद्धा आबांनीच सांगितलं.

मधला लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधला काळ. बहुतेक ठिकाणी खालच्या थराचा वरचा भाग उघड्यावर झिजून माती झालेला असतो आणि त्यावर पुढचा लाव्हा येऊन पसरलेला असतो. एक मुलगी म्हणाली, "म्हंजी ही जुनी जमीन हाय? आपल्या जमिनीखाली?" मला याहून चांगली व्याख्या देता आली नसती.

काळ समजावणं मात्र सगळ्यात अवघड. त्यासाठी शाळेच्या पटांगणात आम्ही विहिरीचे दोर जोडून ४६ मीटर लांबी केली. पृथ्वीचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं, म्हणजे एक मीटरला १० कोटी. मुलं एका टोकापासून चालत निघाली. आपला हा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दोराच्या शेवटापासून, म्हणजे आजपासून, फक्त ६६ सेंटिमीटरवर. डायनासोर संपले तोही हाच सुमार. माणसाची ३ लाख वर्षं? ३ मिलिमीटर. गुरुजी दोराच्या त्या टोकापाशी खाली बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

गारगोट्यांचा खेळ मुलांना फार आवडतो. प्रत्येकाच्या घरी कोनाड्यात एखादी असतेच. काचेच्या तुकड्यावर ओरखडा उठला तर ती क्वार्ट्झ या कठीण खनिजाच्या जातीची. नाही उठला तर कानशीने जरा भुकटी काढायची आणि लिंबू पिळायचं. फसफसलं तर कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, नाही तर बहुधा झिओलाइट, मांजऱ्याच्या भोकांत भरणारं दुसरं खनिज. लिंबं पोषण आहाराच्या ताईंनी दिली आणि मग त्याही येऊन बघत उभ्या राहिल्या.

त्या दिवशी एका आजींनी विचारलं, एवढ्या बोअर पाडतात, त्यानं किल्लारीच्या भूकंपासारखं होईल का? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट त्या पिढीच्या अंगात अजून आहे. मी सांगितलं, आजी, बोअर काहीशे फूट जाते, आणि किल्लारीची हालचाल झाली ती काही किलोमीटर खाली. कोयनेचं वेगळं. तिथे धरणाचा अजस्र साठा आहे, त्याचं वजन आणि खाली झिरपणारं पाणी यांचा खालच्या भेगांवर परिणाम होतो, असं १९६७ च्या भूकंपानंतरच्या अभ्यासातून दिसलं. आजी म्हणाल्या, "मग बोअरनं काय व्हतं?" मी म्हटलं, शेजारच्याच्या विहिरीचं पाणी जातं. यावर सगळे गप्प झाले, कारण प्रत्येकाला एकेक शेजारी आठवला. असे प्रश्न विचारायला गावात कुणी येत नाही, म्हणून मला जायचं असतं.

मी गेल्यावर मागे काय उरतं, याची मला सतत काळजी असते. या शाळेत एक गोष्ट उरली आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मोठ्या माणसाला सोबत घेऊन मुलं जुन्या विहिरीत दगड बांधलेला दोर सोडतात आणि पाणी किती खाली आहे ते शाळेच्या भिंतीवर खडूने लिहितात. डिसेंबरात ४ मीटर, मार्चमध्ये ९. मार्चचा आकडा बघून दोन पालकांनी उन्हाळी कांद्याचं क्षेत्र कमी केलं, असं गुरुजींनी फोनवर सांगितलं.

आबांचा काल निरोप आला. पलीकडच्या वस्तीवर आणखी एक विहीर लाल पट्ट्यापर्यंत पोचली आहे. पुढच्या आठवड्यात मालक ती दगडाने बांधून काढणार. एकदा बांधली की थर दिसणार नाहीत, "तवा आधी या," असं त्यांनी सांगितलंय. शनिवारी सकाळी ८ ला निघतोय. दोर, काच, कानस आणि लिंबं पिशवीत भरून ठेवली आहेत.