जिमच्या फॉर्मवरची टिक आणि माझे वाया गेलेले नऊ आठवडे

गेल्या जानेवारीत एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.२ आली. डॉक्टर म्हणाले, डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर आहात. मी ४८ वर्षांची, वजन ७९ किलो. नागपुरातल्या फुटाळा तलावावर रोज फेरी असायची, त्यामुळे चालण्याचा जरा तोराच होता मला. तो त्यांनी उतरवला. चालणं ठेवा, पण आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, म्हणाले. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. पटलं.

घराजवळच्या जिममध्ये वर्षाचे पैसे एकरकमी भरले. फॉर्मवर तीन चौकटी होत्या: वेट लॉस, बॉडी बिल्डिंग, जनरल फिटनेस. वजन उतरवायचं होतं, म्हणून पहिलीवर टिक केली. तिथेच फसले.

कार्ड मिळालं: ४० मिनिटं ट्रेडमिल, २० मिनिटं सायकल, शेवटी स्ट्रेचिंग. डंबेलकडे वळले की ट्रेनर पोरगा लगबगीनं यायचा. "मॅडम, तुमच्या कार्डावर वेट लॉस आहे नं. पहिले वजन उतरवा, मंग पाहू." डॉक्टरांचं सांगितलं तर म्हणे, "लेडीजनं वेट घेतलं तं बॉडी मर्दानी होते." मी म्हटलं, अरे, मीराबाई चानूनं टोकियोत ४९ किलोच्या गटात ११५ किलो डोक्यावर नेलं, ती काय मर्दानी दिसते? "त्या खेळाडू आहेत मॅडम." घरी भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतं. फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत ते मीच आणते. आणि इथे पाच किलोच्या डंबेलला हात लावायची सोय नाही!

कार्ड बदलायचं तर हेड ट्रेनरची सही लागते म्हणाला. हेड सर सकाळच्या बॅचला असतात. सकाळी गेले तर सर संध्याकाळी येतात. संध्याकाळी गेले तर लग्नाला गेलेत. एका आठवड्यात तीन लग्नं! चौथ्या आठवड्यात सर सापडले. बसवलं, पाणी विचारलं, आणि पर्सनल ट्रेनिंगचा कागद पुढे सरकवला. तीन महिन्यांचे नऊ हजार. ते घेतलं असतं तर त्याच दिवशी मला वजनाचा बार मिळाला असता, मर्दानी-बिर्दानी काही आडवं आलं नसतं. नाही म्हटलं, तर सर म्हणाले, "कार्ड पाहून सांगतो." ते अजून पाहताहेत.

नऊ आठवड्यांत दोन किलो उतरले, गुडघा दुखायला लागला आणि जिमच्या पायऱ्या चढताना रागानंच अर्धा व्यायाम व्हायचा.

सोडवलं ते मे महिन्यानं. बाहेर ४५ डिग्री, दुपारी तीनला जिम ओस, दोन्ही ट्रेनर कूलरपुढे आडवे. त्या वेळी इंजिनिअरिंगची एक पोट्टी येऊन मुकाट डेडलिफ्ट करायची, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभी राहायची. तिला म्हटलं, बाई, मला शिकव. तिनं दोन आठवडे मला नुसतं बाकावर बसायला आणि हात न टेकता उठायला लावलं. मग सहा किलोचा डंबेल छातीशी धरून तेच. मग वीस किलोचा रिकामा बार, कंबर सरळ, वाकायचं ते खुब्यातून. कूलरपुढून कोणी उठलं नाही.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका, हे वरच सांगायला हवं होतं. आधी एक दिवस जाऊन बघा, नवख्या बाईला स्क्वॅट, म्हणजे तेच बसणं-उठणं, कोण शिकवतंय. बीपी असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, आणि वजन उचलताना श्वास कोंडू नका.

खाण्याचं म्हणाल तर आपल्या पातळ वरणावर प्रथिनं भागत नाहीत. मी रोज दोन अंडी (एका अंड्यात सहा ग्रॅम), दही, आणि आठवड्यातून तीनदा सोयावडी धरली. ५० ग्रॅम कोरड्या वडीत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात. सावजीसारखा रस्सा केला की घरचे कुरकुरत नाहीत. रविवारचे तर्री पोहे मी सोडलेले नाहीत, सोडणारही नाही.

ऑगस्टमध्ये काटा तीन आठवडे हलला नाही. मी रडकुंडीला आले. मग टेप लावला तर कंबर दोन सेंटीमीटर उतरलेली. तेव्हापासून काट्याइतकाच टेप मानते. नोव्हेंबरात वजन ७१, एचबीए१सी ५.८, डेडलिफ्ट ४५ किलो.

फेब्रुवारीत नूतनीकरणाला तोच फॉर्म पुढे आला, पेन त्याच पोरानं दिलं. या वेळी तीनच महिन्यांचे पैसे भरले आणि टिक केली बॉडी बिल्डिंगवर. पोरगा फॉर्म पाहून म्हणाला, "मॅडम, चुकून झालं का?"

म्हटलं, "हेड सरांची सही आणा, बदलते."