यमुनेची पट्टी

नवं संगीत नाटक लिहितेय असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पौराणिक का?" नाही म्हटलं की दुसरा, "मग सातबाऱ्यावरचं गाणं कोण ऐकणार?" दुसरा प्रश्न रास्त होता. संहिता लिहून होईपर्यंत माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. विषय मात्र डोक्यातून जात नव्हता. एका बाईला बापाकडून दोन गोष्टी मिळतात, जमिनीतला वाटा आणि जाड, खर्जातला आवाज. वाट्यावर तिने पाणी सोडावं असं घरच्यांना वाटतं आणि आवाज तिचा तिलाच नकोसा आहे.

गोष्ट रचताना कायद्याच्या तारखा फार कामी आल्या. यमुनेचं लग्न १९९० चं. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण तोवर लग्न न झालेल्यांनाच. म्हणजे ही हुकली. वडील २००३ मध्ये जातात आणि सगळ्या मुलींना हाच हक्क देणारी केंद्राची दुरुस्ती लागू होते ९ सप्टेंबर २००५ ला. पहिला अंक २०१६ मधला. त्यात भाऊ वकिलाच्या हवाल्याने सांगतो, "दुरुस्तीच्या दिवशी अण्णा हयात नव्हते, तुला बरोबरीचा वाटा नाही. अण्णांच्या हिश्श्यातला तुकडा तेवढा येईल, तोही सोडून दे." तो खोटं बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली तसंच म्हटलं होतं. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने ते बदललं; मुलीचा हक्क जन्माने, वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत. मला खलनायक नको होता, तो असा परस्पर टळला. मध्यंतरात कायदा बदलतो, भाऊ आहे तसाच राहतो.

हक्कसोडपत्राचा प्रसंग आत्याने दिला. तिची सही कशी झाली ते तिने भाजी निवडत सांगितलं. सकाळी भाऊ घ्यायला आला, निबंधक कार्यालयात सह्या झाल्या, मग घरी पुरणपोळीचं जेवण, नवी साडी, ओटी. "कागद वाचलास का?" म्हणून मी विचारलं. म्हणाली, "वाचायला चष्मा नव्हता नेला. आणि माहेर वाचायचं होतं गं मला, कागद कशाला वाचू?" मी ते जवळपास तसंच नाटकात घेतलं, तिला विचारून.

पदांची गंमत वेगळीच. गद्य नाटकात शब्द आधी असतात. इथे आमचे बुवा चाल घेऊन यायचे आणि मी त्यात अक्षरं बसवायची. जुनी पद्धतही बरीचशी हीच, बंदिशीवर पद बेतायचं. बुवांचा एकच आग्रह असायचा, तान जिथे सुटणार तिथे मोकळा आकार द्या. अर्थ कितीही चोख असला तरी "हक्क" या शब्दावर तान घेता येत नाही, गळा क्कला अडतो. "हक्क" त्यामुळे गाण्यांतून गेला आणि संवादात राहिला. "वारसा" मात्र गळ्याला छान, शेवट आकारान्त. असे निर्णय मी माझे समजत होते, प्रत्यक्षात ते गळ्याचे होते.

एके ठिकाणी मी हट्ट धरला. पूर्वी मुलींची नावं सातबाऱ्यावर सर्रास "इतर हक्क" या रकान्यात टाकली जायची, मालकाच्या रांगेत नाही. तलाठ्यासमोर यमुना तो उतारा पहिल्यांदा पाहते, तिथे मला साकी हवी होती. किर्लोस्करांच्या नाटकांत साक्या-दिंड्या ही जुनी वृत्तं सहज येतात, आता कुणी लिहीत नाही. बुवा म्हणाले, "कीर्तनासारखं वाटेल." वाटू दे म्हटलं, तिचा बाप कीर्तनकारच आहे.

बापाचा मज मिळे वारसा खर्जामधला सूर
नाव कुणाचे कुठे लिहावे ठरवी कोण हुजूर

"हुजूर" म्हणताना ती तलाठ्याकडे बघते आणि तो घाईने चष्मा पुसायला घेतो.

यमुनेसाठी बाई मिळणं कठीण गेलं. आलेल्या बहुतेकजणी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी षड्ज धरून, सुरेख गायच्या, खाली उतरल्या की आवाजात नुसती हवा उरायची. शेवटी जी मिळाली तिला फोनवर लोक "हां, बोला साहेब" म्हणतात. शाळेच्या समूहगानात तिला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. "आवाज पुरुषी आहे" हे तिने आयुष्यभर ऐकलेलं. मला याचं हसूही येतं आणि रागही. ज्या रंगभूमीची सगळ्यात लाडकी नायिका नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, नावाचा पुरुष होता, तिथे बाईच्या आवाजाला पुरुषी म्हणून नाक मुरडतात.

खरी खडाजंगी शेवटच्या पदावरून झाली. मी लिहिलं होतं विजयगीत. यमुना सही नाकारते, नाव मूळ रकान्यात लावून घेते, मग द्रुत लय, ताना, पडदा. तालमीत ते म्हणून झालं तेव्हा बुवा पेटी मिटून म्हणाले, "बाई, हिने जमीन घेतली. आवाज कुठे घेतला?" त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या अंकात ती ज्या काळी चारमध्ये घुसमटते, तार षड्जाला गळा आवळते, त्याच पट्टीत शेवटी जिंकते कशी? उतारा बदलला, गळा तोच राहिला. दिग्दर्शकाला मधेच पट्टी बदलणं म्हणजे प्रेक्षकांना चूक वाटेल अशी धास्ती. मला माझ्या ताना सोडवेनात. आठवडाभर तालमीत नुसतीच धुसफूस होती.

मग बुवांनी तिला एकदा पांढरी तीनमध्ये गायला लावलं, तेच शब्द, तीच भैरवी. मंद्रातल्या कोमल धैवतावर ती टेकली आणि खोलीतली कुजबुज थांबली. पण माझे शब्द त्या पट्टीत चक्क धमकीसारखे वाजत होते. "माझे मी घेतले" हे उंच स्वरात उत्साही वाटतं. खर्जात तेच वाक्य म्हणणाऱ्या बाईच्या हातात कोयता असावा असं वाटतं. सगळं पद नव्याने लिहिलं. लय विलंबित झाली, ताना गेल्या, भावाला उद्देशून असलेल्या ओळी गेल्या. उरली बापाशी बोलणारी मुलगी, कसण्यासाठी जमीन भावाकडेच ठेवणारी, पण स्वतःचं नाव न पुसणारी. समेट मी होऊ दिला नाही. भाऊ पाठमोरा उभा असतो, तो वळत नाही.

एवढं ठरल्यावर व्यवहाराचे प्रश्न निघाले. दोन पट्ट्या म्हणजे दोन तबले, वरच्या पट्टीला लहान तोंडाचा, खालच्या पट्टीला मोठा. दोन तंबोरे, वेगवेगळे लावलेले. ऑर्गनवाले काका पट्टीला घाबरत नाहीत, पण त्यांनी एक अडचण दाखवली. ऑर्गनच्या खर्जातल्या मोठ्या रीड्स बोलायला अंमळ उशीर करतात. म्हणून भैरवीत ते बोट जरासं आधी ठेवतात. प्रेक्षकाला यातलं काही कळत नाही, कळूही नये. यमुनेच्या गळ्याचं मात्र जपावं लागलं. पहिल्या अंकात तिने रोज खोट्या पट्टीत ताण देऊन गायचं, म्हणजे नाटक महिनाभरात तिला बसवेल. तिथली दोन पदं कापली, एक भावाला दिलं.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, नाट्यगृहाच्या तारखा, ट्रकचं भाडं, हे ज्याने नाटक केलंय त्याला सांगायला नको. एका निवृत्त तलाठ्यांना तालीम दाखवली हे मात्र बरं केलं. फेरफाराला, म्हणजे उताऱ्यावरच्या बदलाच्या नोंदीला, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, नोंद लगेच प्रमाणित होत नाही, असं ते म्हणाले. त्या पंधरा दिवसांत एक प्रवेश बसला. भाऊ हरकतीचा अर्ज लिहितो, खिशात घालतो, देत नाही. सबंध नाटकात मला तो प्रवेश सगळ्यात आवडतो आणि त्यात एकही गाणं नाही.

पहिल्या प्रयोगाला वन्समोर मिळाला तो बापाच्या दरबारीतल्या अभंगाला. शेवटच्या भैरवीला कुणी मागितला नाही, टाळ्याही उशिरा आल्या. बुवा खूश, मी खट्टू. प्रयोगानंतर रंगपटात वहिनीचं काम करणारी मुलगी मेकअप उतरवत म्हणाली, "ताई, सही कर म्हणून यमुनेच्या मागे लागते मी. पण माझ्या माहेरच्या कागदावर मी सही केली असेलच ना? मग मला एकसुद्धा पद का नाही?"

तेव्हापासून वहिनीच्या पदावर काम चालू आहे. चाल आली आहे, चार ओळींची दिंडी. ती कुठल्या पट्टीत गाणार यावर बुवांचं आणि माझं अजून जमलेलं नाही.