सुबाभळीचा पाला तपासायला तीन खेपा

बांधावरची सुबाभूळ म्हशी ओरबाडून खातात, मग सरकी पेंड थोडी कमी केली तर चालेल का, एवढंच मला बघायचं होतं म्हणून पाला लॅबला दिला. सोपं वाटलेलं.

खिडकीवरच अडलं. फॉर्मवर प्रकार काय तर पेंड, भरडा, मुरघास, हिरवा चारा. मी हिरव्या चाऱ्यावर टिक केली तर क्लार्क म्हणतो हे झाड आहे, चारा म्हणजे मका, लसूणघास, झाडाचं वनखात्यात विचारा. म्हटलं अहो साहेब, माझी म्हैस रोज खाते, मग चारा नाही तर काय? तर म्हणे वरच्यांची सही आणा, आणि वरचे मीटिंगला गेलेले. चार वाजेपर्यंत बाकड्यावर बसलो, परत आलो. दुसऱ्या दिवशी परत एसटी, सही मिळाली, पिशवी उघडली तर पाला काळा पडलेला, घाम सुटलेला, वास मारतोय. प्लास्टिकच्या पिशवीत नेलेला ना! आता म्हणे सावलीत वाळवून कागदी पिशवीत आणा. अरे, हे काल सांगायला काय झालं होतं?

तिसऱ्या खेपेला घेतला एकदाचा. प्रकार म्हणून पेनानं लिहिलं 'इतर'.

हां, वाळवताना पानं झडतात, नुसती तीच गोळा करून नेऊ नका, प्रथिनांचा आकडा उगाच जास्त येतो. जनावर कोवळ्या फांदीसकट खातं, तसाच नमुना द्या.

रिपोर्टात प्रथिनं २२ टक्के, म्हणजे जवळपास सरकी पेंडीइतकी! ज्वारीच्या कडब्यात चार-पाचच्या आसपास असतात. मी लगेच घरी सांगून टाकलं की १० किलो पाल्यात २ किलो प्रथिनं, गुरांचे डॉक्टर हसले. तो आकडा सुक्यावरचा, ओल्या पाल्यात बरंचसं पाणीच, १० किलोत सुका ऐवज तीनेक किलो, म्हणजे प्रथिनं ६०० ते ७०० ग्रॅम. तरी फुकटात वाईट नाही.

आणि हे आधी सांगायला हवं होतं, सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, नुसती तीच घातली तर केस गळतात, गळ्याला गाठ येते. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवा, बाकी कडबा. घोड्याला तर नकोच, शेपटीचे केस जातात.

आता शेवरीचा पाला द्यायचाय. प्रकार घरूनच 'इतर' लिहून नेणार.