आमची वाटचाल : पाहणीचे पैसे

आमच्या पाटीवर ‘सर्व प्रकारची छप्परकामे’ असं लिहिलंय, पण दापोलीत कुणालाही विचारा, ‘ते कौलंवाले ना?’ असंच म्हणतील. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की हल्ली हा शब्द मागे राहिलेल्या माणसासाठी वापरतात. ही सवय कुणी लावली हे तालुक्याला ठाऊक आहे. नाव घेत नाही. तो येईलच पुढे.

धंदा १९९३ साली अण्णांनी आणि मी मिळून काढला. सुतारी अण्णांच्या घरात पिढीजात. मी हिशेब ठेवायचो, शिडी धरायचो आणि गिऱ्हाइकाशी बोलायचो, कारण अण्णा बोलत नसत. भागीदारीचा कागद आजतागायत झालेला नाही. भांडवल म्हणजे अण्णांचं सामान : वाकस (लाकूड तासायचं हत्यार), करवत, दोन रंधे, पटाशा, गुण्या, ओळंबा आणि एक टोच्या. हा टोच्या जुन्या कानशीला टोक काढून, खैराची मूठ बसवून त्यांनी स्वतः केलेला. अजून आहे. मूठ हातात धरली की अंगठ्याची जागा आपोआप सापडते, इतकी ती झिजलीय.

अण्णांची पाहणी बघण्यासारखी असायची. आधी कौलांकडे बघायचेच नाहीत. माजघरात उभं राहून आढ्याकडे बघत. मग आढ्याखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणायची. दोरी आणि आढं यांतलं अंतर मध्यावर कमी झालं, तर आढं बसलंय. त्यानंतर प्रत्येक वाशावर वाकसाच्या पाठीने एक ठोका. आणि शेवटी टोच्या, तोही दोनच जागी : वासा भिंतीवर टेकतो तिथे आणि वळचणीला. वासा मधे सहसा कुजत नाही हो, कुजतो टोकाला. भिंतीची ओल तिथे, वाळवी चढते तिथून, पावसाचा झोत बसतो तिथे. टोच्या बोटभर आत गेला तर टोक गेलं समजा. पण टोक गेलं म्हणजे वासा गेला असं नाही. कुजका भाग कापून, तिरकी सांध धरून किंजळीच्या लाकडाचा तुकडा बोल्टाने जोडला की तोच वासा तुमच्या नातवंडांपर्यंत जातो.

लोक फुटकी कौलं मोजतात आणि छप्पर बदलायचं ठरवतात. कौलाला काय होतंय? फुटलं तर काढून दुसरं लावा. १०० चौरस फुटाला दीडशेच्या आसपास मंगलोरी कौलं लागतात. एक कौल अडीच किलो धरलं तरी पावणेचार क्विंटल वजन झालं, पावसात भिजून वाढतं ते वेगळंच. दापोलीचा पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरातला. हे सगळं पेलायचं लाकडाने. म्हणून निकाल लाकडाचा लागतो. आमचा अंदाज असा : चारातला एक वासा गेला असेल तर दुरुस्ती. निम्मे गेले, किंवा आढंच दोन बोटांच्या वर बसलं, तर मात्र उतरवा, तिथे जीव अडकवू नका. आणि गळती फक्त दोन पाखांच्या मधल्या पन्हळीतून असेल तर पन्हळीचा पत्रा बदला आणि गप्प बसा.

जाता जाता, दोन गोष्टी. कौलाच्या पाठीवर बासेल मिशनचा शिक्का आणि १८६५ दिसलं म्हणून ते कौल त्या सालचं ठरत नाही. तो मंगलोरचा कारखाना सुरू झाल्याचा आकडा आहे, पुढेही तोच छापत राहिले. कौल चांगलंच आहे, पण त्यावर किंमत चढवून कुणी विकत असेल तर विचार करा. दुसरं, घरात चूल बंद होऊन गॅस आला की वाशांना धूर लागत नाही आणि कीड धरते. काजूच्या टरफलांचं तेल टोकांना दोन हात मारून घ्या. वास येतो, पण टिकतं.

पुढची पंचवीसेक वर्षं काम होतं. शिमग्यापासून मिरगापर्यंत शाकारणी, म्हणजे कौलं परतणं, पावसात गळतीचे निरोप, गणपतीआधी चाकरमान्यांची घाई, दिवाळीनंतर लाकूडकाम. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता तो. ग्रिल आणि गेट करणारा माणूस. त्याने पाइपांचे सांगाडे आणि रंगीत पत्रे सुरू केले. करावेत, बाजार सगळ्यांचा आहे. पत्र्याला कारणंही आहेत, ती मी नाकारत नाही. माकडांची टोळी एकदा घरावरून गेली की पन्नास कौलं खल्लास, आणि मुंबईला राहणाऱ्याने दरवर्षी कौलं परतायला यायचं कधी? माकडांपुढे माझंही काही चालत नाही. पण हा माणूस कुठल्याही घरात शिरला की एकच निदान : ‘वासे गेलेत, सगळं काढा.’ टोच्या नाही, दोरी नाही. मोबाइलच्या उजेडात वर बघितलं की झालं.

त्याचं गणित मला उशिरा नाही, लगेच कळलं, पण सांगितलं की लोकांना वाटायचं मी जळतो. गणित पत्र्यात नव्हतंच. तो कोटेशनमध्ये लिहायचा, ‘जुने लाकूड व कौले आम्ही नेऊ, तेवढी रक्कम वजा.’ ती रक्कम असायची जळणाच्या भावाची. आणि उतरवलेला शंभर वर्षांचा साग, ऐन, किंजळ जायचा फर्निचरवाल्यांकडे आणि किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांना. तिथे शहरातली माणसं त्याच खांबांना टेकून फोटो काढतात. जो जुनं लाकूड न्यायला तयार आहे, तो तुम्हाला ‘दुरुस्ती करा’ कशाला सांगेल? लाकूड कुणाचं राहणार, हे काम ठरायच्या आधी कागदावर घ्या.

२०२० साली मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आमचा अख्खा हंगाम गेला. एका रिसॉर्टवाल्याकडे मोठं बिल अडकलं होतं, ते अडकलंच. मंगलोरकडे कौलांसाठी आगाऊ पैसे पाठवलेले, गाडी येईना. आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. त्या दिवसाबद्दल इथल्या माणसाला मी वेगळं काय सांगू? माड, पोफळी, कलमं आडवी. वीज नाही, फोन नाही, डोक्यावर पाऊस उभा. प्रत्येकाला आठवड्यात छप्पर हवं होतं आणि बाजारात कौल नव्हतं. त्या ग्रिलवाल्याकडे मात्र पत्र्याचा ट्रक आला, भाव त्याने वाटेल तो लावला. आमचे चार गडी जास्त हजेरीवर त्याच्याकडे गेले. त्यांना दोष देत नाही, घरं त्यांचीही उडाली होती. मी टेंपो विकला आणि दुकानाचं शटर कायमचं ओढायचं घरी बोलूनही झालं.

एक मात्र सांगतो, कारण हे कुणी बोललं नाही. त्या आठवड्यात गावोगाव फिरताना मी पाहिलं : जिथे झाड पडलं नाही तिथे कौलारू घराची कौलं उडाली, पण आढं आणि वासे जाग्यावर होते. पत्र्याची छपरं काही ठिकाणी पाइपांसकट शेजारच्या बागेत जाऊन पडली.

आंजर्ल्याच्या काकींचा निरोप दूधवाल्याबरोबर आला. मागच्या पडवीवर माड पडला होता. हा ग्रिलवाला गृहस्थ आमच्याआधी जाऊन सगळं उतरवायचं कोटेशन देऊन आला होता, लाकूड वजा करून. अण्णांनी तेव्हा सत्तरी ओलांडलेली, तरी ते आलेच. दोरी ताणली, ठोके मारले. मग काकींना म्हणाले, “वहिनी, आढं हललेलं नाही. पडवी गेली, घर आहे.”

कौलं कुठून आणायची? पडवीची आणि गोठ्याची धड कौलं उतरवली आणि मुख्य घरावर चढवली. पडवीवर ताडपत्री, मग दिवाळीपर्यंत पत्रे. हो, पत्रे. मी पत्र्याचा शत्रू नाही. काकींनी न मागता सगळी रक्कम आधी हातात ठेवली. म्हणाल्या, “माणसांची हजेरी थांबवू नका.” त्या पैशांवर आमचा जून गेला. पुढे काकींनी सगळ्या वाडीला गोळा करून सांगितलं, की आधी यांना दोरी लावू दे, मग काय ते ठरवा. त्या वाडीतल्या कामांनी फर्म वाचली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा काकींच्या घराचे दोन-तीन कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, सरकले, बाकी काही नाही.

तेव्हापासून समुद्राजवळच्या घरांना आम्ही वळचणीच्या दोन ओळी आणि कडेची कौलं तारेने बांधतो. कौलाच्या पाठीला त्यासाठीच भोक ठेवलेलं असतं, पण गवंडी ते विसरले. साधी बाइंडिंगची तार खाऱ्या हवेत जाते. तांब्याची किंवा स्टेनलेस घ्या. मुलगा आता पाइपांच्या सांगाड्यावर कौलं बसवायचं काम बघतो, ज्यांचं लाकूड खरंच गेलंय त्यांच्यासाठी. अण्णा वर चढत नाहीत. खळ्यात खुर्ची टाकून बसतात आणि आतला ठोका ऐकून सांगतात, ‘तो परत वाजव.’

शिमगा झाला की कळवा. मे महिन्याच्या शेवटी ‘उद्या या’ म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो. पाहणीचे पैसे लागतात. काम दिलंत तर बिलातून वजा होतात. ‘काही करू नका, आणखी दहा वर्षं बघायला नको’ असं सांगून आम्ही परत आलो, तरी ते लागतात. त्यावरून घासाघीस करू नका.