झेन अपडेट : गाडी ओढायचं कारण सापडलं आणि ब्रेडेड होजचा बेत बदलला

सापडलं एकदाचं! मागे लिहिलं होतं ना की माझी मारुती झेन ब्रेक मारताना एका बाजूला ओढते, म्हणून पुढच्या डाव्या कॅलिपरचं (पिस्टनने ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सील किट टाकलं, स्लाइड पिन साफ करून ग्रीस भरलं आणि तरीही गाडी ओढूनच राहिली आहे, तर कॅलिपरचा काही दोष नव्हताच, डावा होज पाइप (कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणारी रबरी नळी) आतून बंद होत आला होता.

लक्षणं नीट सांगतो, कुणाच्या तरी कामी येतील. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे जायची, सोडला की थोडा वेळ डावीकडे, आणि घरी आल्यावर डाव्या रिमला हात लावायची सोय नाही इतकं गरम. आता हेच सगळं जाम कॅलिपरनेही होतं, म्हणून प्रत्येक जण कॅलिपरच सांगतो. आमच्या ओळखीचा मेकॅनिक तर म्हणाला, "भाऊ, नवीन टाकून द्या ना, टाइमपास कायले करून राहिले?" पण पिस्टन मी स्वतः बसवला होता, अंगठ्याने दाबला तरी आत जात होता, त्यामुळे मन मानत नव्हतं.

मग दुपारच्या उन्हात नागपूरहून वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो, परत येईपर्यंत ओढणं सुरू झालंच होतं, आल्या आल्या जॅक लावला. डावं चाक हाताने फिरेना. ब्लीडिंग निपल (कॅलिपरवरचा एअर काढायचा स्क्रू) जरासं ढिलं केलं, बारीक पिचकारी उडाली आणि चाक मोकळं! म्हणजे पिस्टन ठीक, प्रेशर अडकून राहतंय. ते मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलने प्रेशर तयार होतं तिथे) अडकतंय की होजमध्ये हे बघायला निपल बंद करून परत पेडल मारलं, चाक परत जाम झालं, आणि या वेळी होजच्या वरच्या टोकाचा लोखंडी पाइपचा नट ढिला केला. तिथून ऑइल थेंब थेंब आलं पण चाक जामच. वर प्रेशर नाही, खाली आहे, मधे फक्त एक होज. याहून सरळ पुरावा नाही, आणि ही टेस्ट फुकटात होते, म्हणून कुणीही नुसत्या लक्षणांवर कॅलिपर विकत घेऊ नका.

नट काढायचीच मला जास्त धास्ती होती, २००१ ची गाडी, कंपनीनंतर कुणी हात लावला नसणार. आदल्या रात्री डब्ल्यूडी (गंज सोडवायचा स्प्रे) मारून ठेवलं आणि दहा नंबरचा फ्लेअर नट पाना (नटाला जवळजवळ चहूकडून धरणारा) लावला, साधा ओपन पाना नाही. कट्ट करून आवाज आला आणि नट सुटला, एकही कोपरा न घासता! ब्रेकच्या कामात या एका पान्याचे पैसे पहिल्याच नटाला वसूल होतात असं माझं ठाम मत आहे, साध्या पान्याने नट गोल झाला की अख्खा पाइप कापावा लागतो.

जुना होज उभा चिरला. बाहेरून चांगला काळाभोर, एक तडा नाही. पण स्ट्रटला (पुढच्या सस्पेन्शनचा उभा दांडा) बांधायची जी लोखंडी क्लिप होजवर दाबून बसवलेली असते, तिच्या आत गंजाचा थर धरला होता आणि त्या थराने रबर चहूकडून आवळलं होतं. तेवढ्या भागात भोक इतकं बारीक झालेलं की टाचणीच जाईल. पाय दाबला की जोराने ऑइल पुढे जायचं, पण परत यायला तेवढा जोर नसतो, त्यामुळे ते कॅलिपरमध्येच बसून राहायचं. गाडी आधी रत्नागिरीला होती, खाऱ्या हवेचा गंज तिकडूनच आला असणार.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी बरेच जण विचारून राहिले होते : रस्त्यावरच्या गाडीला ब्रेडेड होज टाकावेत का? किट तर मी आधीच मागवलं होतं, टेफ्लॉनची नळी आणि वरून स्टीलची जाळी. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०६ या ब्रेक होजच्या सरकारी स्टँडर्डमध्ये १/८ इंच बोअरच्या साध्या होजला १००० पीएसआय प्रेशरला फुटामागे ०.६६ सीसीपर्यंत फुगायची मुभा आहे, लो एक्सपान्शनवाल्याला, म्हणजे कमी फुगणाऱ्याला, ०.३३. फरक खरा आहे, पायाला जाणवतो. पण व्हरायटी चौकाच्या सिग्नलला थांबताना लाइनमध्ये १००० पीएसआयच्या जवळपासही प्रेशर नसतं, आणि गाडी थांबायचं अंतर ठरतं टायरवर. चाकं लॉक करण्याइतका ब्रेक आधीच असेल तर होज बदलून एक फूटही कमी होत नाही. एक गोष्ट मात्र मान्य, माझ्या झेनला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) नाही, आणि चाक लॉक व्हायच्या अगदी आधी पाय धरून ठेवायला कडक पेडल कामी येतं.

नवीन रबरी होज कंपनीच्या स्पेअर काउंटरवरून आणले, दोन्ही बाजूचे, कारण एका एक्सलवर एक जुना एक नवा असं मी कधीच ठेवणार नाही. बॅंजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवे, ब्रेक ऑइल डॉट ४ ग्रेडचं. डॉट ३ चा कोरडा, म्हणजे ताज्या ऑइलचा, बॉइलिंग पॉइंट किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०, आणि ओलावा शिरल्यावर तेच १४० आणि १५५ वर येतात, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात जुनं ऑइल ठेवण्यात अर्थ नाही. भाच्याला सीटवर बसवलं, "दाब, धर, सोड" करत चारही चाकांची एअर काढली. नंतर रामटेकला गडमंदिराच्या रस्त्याने खाली उतरलो, पेडल शेवटपर्यंत तसंच, सरळ रेषेत थांबते, दोन्ही रिम सारखे कोमट. काय आनंद झाला सांगू!

ब्रेडेड होजच्या किटचं म्हणाल तर ते गाडीला लावून बघितलं. चाक लटकतं ठेवून स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे कापलं की डावा होज तारेसारखा ताणतो. टोकाशी नळी मुडपते, आणि टेफ्लॉनला एकदा घडी पडली की तो होज गेला. शिवाय जाळीवर प्लास्टिकचं कव्हर नाही, म्हणजे धूळ आत जाऊन नळी घासणार आणि बाहेरून काहीच दिसणार नाही. विकणारा म्हणतो सगळ्या झेनला हेच बसतं. मी परत पाठवतोय. कुणी घेणारच असाल तर लॉक टू लॉक (स्टीअरिंग दोन्ही टोकांना) आणि पूर्ण ड्रूपवर (चाक पूर्ण खाली लटकलेलं) लांबी मोजून बनवून घ्या, कव्हर असलेलंच घ्या.

पैसे परत आले की ब्रेक पॅड घ्यायचे असं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं की पुढच्या क्लिपमध्ये एवढा गंज असेल तर मागच्या दोन होजचं आणि खालून जाणाऱ्या लोखंडी पाइपचं काय? ते पाइपही प्लास्टिकच्या क्लिपांत बसतात, चिखल तिथेच साचतो. म्हणून पॅड थांबतील. पावसाळ्याआधी मागचे रबरी होज, आणि सगळ्या क्लिपा उघडून पाइप तपासणार. खड्डे दिसले तर कुनिफरचा (तांबं-निकेल मिश्रधातूचा) पाइप टाकायचा विचार आहे, गंजत नाही आणि हाताने वळतो. फक्त डबल फ्लेअर (पाइपच्या टोकाची दुहेरी दुमडलेली कड) नीट पाडणारं टूल हवं, स्वस्तातल्या टूलने फ्लेअर वाकडा येतो. धरमपेठ, सदर, हिंगणा, कुठेही कुणाकडे चांगलं असेल तर सांगा, रविवारी गाडी घेऊन येतो.