चादरीला घातलेला दंड

मागच्या आठवड्यात आमची डबलबेडची चादर गेली. कुठे खिळ्याला अडकून नाही, मधोमध. हे रोज रात्री कूस बदलतात त्या जागी विरत विरत इतकी तलम झाली की एका सकाळी यांचा पायच आरपार गेला. कडेचं कापड मात्र जवळजवळ नवंच. मी ती फडक्यांच्या गठ्ठ्यात टाकणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, दंड घाल की तिला."

माझं माहेर पुण्याचं. दंड म्हटलं की मला चौकातला ट्रॅफिक हवालदार आठवतो. लग्न होऊन सांगलीला येऊन चौदा वर्षं झाली तरी इथले काही शब्द अजून मला नव्याने भेटतात. दंड म्हणजे जोड. नऊवारी लुगडं बसायच्या जागी आधी विरतं. मग तेवढा भाग कापून काढायचा, उरलेले दोन तुकडे जोडायचे आणि शिवण निऱ्यांत लपेल अशा बेताने नेसायचं. सासूबाईंच्या आईची रोजची दोन लुगडी होती, दोन्ही दंडाची. तिसरं धड होतं, पण ते लग्नामुंजीला.

चादरीचं गणित थोडं वेगळं. आमची चादर ९० बाय १०० इंचांची. लांबीच्या बाजूने बरोबर मधून कापली. दोन तुकडे उलटसुलट फिरवले, म्हणजे बाहेरच्या धडक्या कडा मधे आल्या आणि विरलेलं मधलं कापड दोन्ही बाजूंना बाहेर गेलं. मधल्या कडा जोडल्या, बाहेरचं विरलेलं पाच-पाच इंच कापून टाकलं आणि तिथे बारीक दुमड घालून टीप मारली. रुंदी उरली ७८ इंच. गादी ६० इंचांची, त्यामुळे खोचायला जेमतेम पुरते.

पहिल्या रात्री हे म्हणाले, "पाठीखाली रेल्वेचा रूळ टाकलायस का?" चूक माझीच होती. नेहमीसारखी सुलट्यावर सुलट ठेवून शिवण घातली आणि वर ती दुमडून दाबली, तर कापडाचे चार थर झाले. दुसऱ्या दिवशी बसून सगळं उसवलं. चादरीची ती बाजू मागावरची किनार असते, तिचे धागे सुटत नाहीत. मग दुमडायचं कशाला? दोन्ही किनारी पाव इंच एकमेकींवर चढवल्या आणि दोन समांतर टिपा मारल्या. आता हात फिरवला तरच कळतं. (हे अजूनही डाव्या कुशीवरच झोपतात. तो वेगळा विषय.)

खर्च काय, तर अर्ध्या रिळाचा दोरा.

हे मुद्दाम सांगतेय, कारण 'घरी शिवून पैसे वाचवायचे' या नादात मी पूर्वी बरेच पैसे घालवलेत. मशीन माहेरून आलं तेव्हाच्या दिवाळीची गोष्ट. तुळशीबागेतून लेस, रविवार पेठेतून बटणं, रंगीत रिळांचा अख्खा डबा, शिवाय लेकीच्या फ्रॉकसाठी अडीच मीटर सुती कापड. हिशेब केला तेव्हा कळलं, तेवढ्यात तयार फ्रॉक दोन आले असते. आणि ते कापड मी आधी भिजवून आटवलंच नव्हतं. पहिल्या धुण्यात फ्रॉक आटला तो आटलाच, लेकीच्या बाहुलीलाही सैल म्हणता आला नसता. तेव्हापासून एकच नियम. शिवायला नवं कापड आणायचं नाही. घरात जे जुनं झालंय तेच घ्यायचं. ते धुऊन धुऊन आटायचं तेवढं आटलेलं असतं, रंग सोडायचा तेवढा सोडून झालेला असतो, आणि बिघडलं तरी जीव हळहळत नाही. शर्ट-पँट मी शिवतच नाही. कॉलर बसवण्यात माझा अख्खा रविवार जातो आणि तरी ती एका कानाकडे झुकते.

उशीचे अभ्रे मात्र शिवतेच. आमच्या उशा २७ बाय १७च्या. जुन्या चादरीच्या कडेतून ६४ इंच लांब, १९ इंच रुंद पट्टी काढायची. दोन्ही टोकांना इंचभर दुमड, मग उशीच्या मापाने घडी आणि वर आठ इंचांचं झाकण आत वळवायचं. ना बटण, ना चेन. दोन्ही बाजूंना इंच इंच माया, म्हणजे शिवणीसाठी जास्तीचं कापड, ठेवते. बाजूच्या शिवणी दोनदा घालते. आधी सुलट बाजू बाहेर ठेवून अगदी कडेने टीप, मग उलटवून पुन्हा टीप, म्हणजे कापडाचे सुटे धागे त्या शिवणीतच बंद होतात. ओव्हरलॉकवाल्याकडे जायला नको.

माया ठेवायची सवय सासूबाईंची. टेलरकडे गेल्या की माप द्यायच्या आधी, "आत माया भरपूर ठेवा हो." लेकीच्या शाळेच्या स्कर्टला त्यांनी खाली तीन इंच दाब ठेवायला लावला होता. दर जूनला एक इंच उसवला. तीन वर्षं स्कर्ट चालला, फक्त जुन्या घडीची फिकट रेघ दिसायची. तिसऱ्या वर्षी लेकीने त्या रेघांवरून शाळेत ऐकून घेतलं आणि घरी येऊन आम्हाला ऐकवलं. तिचं खरं होतं. चौथ्या वर्षी नवा घेतला.

२०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद झाल्या तेव्हा यांच्या जुन्या पँटा बाहेर निघाल्या. पँटचा पाय मांडीपाशी कापला की पिशवीच्या दोन शिवणी आयत्याच मिळतात, खालचं तोंड तेवढं शिवायचं. कमरेचा पट्टा मधून कापला की दोन बंद. टेरिकॉटची पँट असेल तर पाच किलो कांदे आरामात. जीन्सला मात्र मशीनची १४ नंबरची सुई चालत नाही, १६ लावा. मी दोन सुया मोडून शिकले. एक तुकडा उडून कपाळाला लागला, तेव्हापासून जाड शिवणीवर पाय न मारता चाक हाताने फिरवते.

मशीन आईचं, पायाचं, काळं. खाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळ्याजणी बॉबिनला शिव्या घालतात. दहातल्या आठ वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. वरचा दोरा काढायचा, दाबपट्टी वर करायची, पुन्हा ओवायचा. आणि तेल मशीनचंच घाला. एका थंडीत मशीन जड चालतंय म्हणून यांनी प्रेमाने खोबरेल घातलं. सांगलीच्या जानेवारीत खोबरेलाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कारागिराने रॉकेलने धुऊन काढलं, तोवर आठ दिवस घरात मालतीच्या फुलांसारखा नव्हे, न्हाव्याच्या दुकानासारखा वास.

या सगळ्यात माझं आवडतं काम वाकळ. माहेरी आम्ही गोधडी म्हणायचो, इथे वाकळ. सुती नऊवारी असेल तर सोनंच. नऊ वारांचे सव्वादोन-सव्वादोन वारांचे चार तुकडे केले की प्रत्येक ८१ इंचांचा, उंच माणसाचेही पाय झाकतात. एका लुगड्यात चार थर. त्यावर-खाली एक-एक थर पाचवारीचा, तोही सुतीच. सिंथेटिक साडी आत घातली तर थर सरकतात आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते ती वेगळीच.

फरशीवर थर पसरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, चारी कोपऱ्यांवर पाट ठेवायचे. आधी लांब लांब कच्चे टाके. मग कडेपासून धावदोरा, चौकोनात चौकोन करत आत आत. पहिले दोन फेरे सासूबाईंनी घातले, माझे टाके त्यांच्या शेजारी मुंगीशेजारी झुरळ चालल्यासारखे दिसतात. दिवाळीनंतर सुरू केली, दुपारी तासभर बसायचो, संक्रांत होऊन गेली. तासांचा हिशेब लावला तर बाजारातलं ब्लँकेट कधीही स्वस्त. हे मी यांच्यासमोर कबूल करत नाही.

दुसऱ्या वाकळीसाठी गठ्ठा बांधून कपाटावर ठेवला होता. सासूबाईंची दोन हिरवी लुगडी, माझ्या तीन साड्या, मुलाची लहानपणीची दुपटी. परवा मंडईतून आले तर कपाटावर मोकळी जागा. बोहारीण येऊन गेली होती.

"आई, तो वाकळीचा गठ्ठा होता!"

"होय? मला वाटलं, तू काढून टाकायला ठेवलायस. चांगली घासाघीस केली बघ तिच्याशी."

आणि माझ्या हातात स्टीलचा डबा दिला. झाकण जरा घट्ट बसतं. सध्या त्यात बटणं ठेवलीत.