पळी पळी तेल

धुळ्याहून चाळीसगावला मी आजवर शंभरदा गेले असेन, पण कायम लग्नाला, साखरपुड्याला नाहीतर गंधमुक्तीला. गाव बघायला म्हणून कधी गेलेच नव्हते. ह्या श्रावणात मुद्दाम गेले. धुळे-चाळीसगाव हा रेल्वेचा फाटा १९०० सालचा आहे आणि गाडी अजूनही त्याच काळातल्या निवांतपणे चालते. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "कथाईन उनात?" मी म्हटलं, धुळ्याहून, चाळीसगाव बघायला. "तठे काय शे बघाले?" असं म्हणून त्या शेंगा सोलत बसल्या.

स्टेशनवर चुलतभाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. सोबत त्याचा आठवीतला मुलगा. तिघं एका गाडीवर बसलो, पण लगेचच उतरावं लागलं. छायाचित्रकार केकी मूस यांचा दगडी बंगला स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे.

केकी मूस पारशी. जन्म १९१२ चा, मलबार हिलवरचा. इंग्लंडला जाऊन कलेचं शिक्षण घेतलं आणि मुंबईत बस्तान बसवायचं सोडून ते चाळीसगावला येऊन राहिले. मग जवळजवळ पन्नास वर्षं, १९८९ च्या डिसेंबरात जाईपर्यंत, ह्या बंगल्याबाहेर जवळपास पडलेच नाहीत. बंगल्याला नाव दिलं होतं रेम्ब्राँट्स रिट्रीट. ते का बाहेर पडले नाहीत, ह्याचं उत्तर गावात कोणालाही विचारा, एकच येतं. मुंबईची एक मैत्रीण पंजाब मेलने येते म्हणाली होती. म्हणून रोज रात्री मेलच्या वेळेला हा माणूस घरातले दिवे लावून, दोघांचं जेवण मांडून बसायचा. गोष्ट गोड आहे, आणि योगायोग असा की पंजाब मेलही १९१२ चीच. पण खरं सांगू? आत गेल्यावर मला ती गोष्ट जरा आड आल्यासारखी वाटली. बघणारा भिंतीवरचं काम सोडून त्या न आलेल्या बाईलाच शोधत बसतो.

भिंतीवरचं काम म्हणजे मुख्यतः टेबलटॉप फोटो. माणूस घराबाहेर जात नाही, मग डोंगर, रान, वादळ कुठून आणणार? टेबलावर मांडायचं. घरातल्या साध्यासुध्या वस्तू, थोडी माती, काड्या, आणि मुख्य म्हणजे उजेड. एका कोनातून दिवा सोडला की वितभर जागेत क्षितिज तयार. एका फोटोपुढे मी बराच वेळ उभी राहिले. दूरवर गेलेली वाट, धूसर आभाळ. हे सगळं आपल्या जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत घडलंय, हे कळूनसुद्धा डोळा ते मानायला तयार होईना. जवळ जाऊन बघितलं तर वाट आणखीच लांब गेलेली. भाचा मात्र काचेला नाक लावून "हे काय असेल, रवा?" असं शोधत होता. त्याचं बघणं माझ्यापेक्षा बरं होतं, कारण तो कसं केलं असेल ते विचारत होता.

त्यांच्या मागे हा सगळा पसारा गावातल्या माणसांनी न्यास करून जपला आहे. आम्हाला दाखवणाऱ्या काकांनी एक लाकडी वस्तू शर्टाच्या बाहीने पुसली आणि तशीच परत जागेवर ठेवली, अगदी घरातल्यासारखी.

दुपारी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. तिखटाबद्दल बोलत नाही. मग पाटणादेवी.

चाळीसगावपासून अठराएक किलोमीटर. गौताळा अभयारण्याची हद्द लागली की सातमाळा रांगेचे डोंगर तिन्ही बाजूंनी जवळ येतात. वर पठारापलीकडे पितळखोऱ्याची लेणी. तिथल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराने दोन हजार वर्षांपूर्वी स्वतःचं नाव कोरून ठेवलंय. मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ह्या खेपेला पावसाने वर चढू दिलं नाही. वाटेत मागचं चाक पंक्चर झालं, अर्धा तास तिथे गेला.

उंच जोत्यावरचं चंडिकादेवीचं दगडी मंदिर. लोक दर्शनाला येतात, नारळ फोडतात, जातात. मी आले होते इथल्या शिलालेखासाठी. बाराव्या शतकात लीलावती आणि सिद्धान्तशिरोमणी लिहिणारे भास्कराचार्य, त्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. त्याने आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे पाटणला मठ काढला आणि इथल्या निकुंभ राजघराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिलं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला.

लेख बहुतेक संस्कृतात आहे, वंशावळ वगैरे. पण शेवटाकडे व्यवहार आला आणि भाषा एकदम मराठी झाली. बाजारात जो माल विकला जाईल त्याच्यावरचं राजाचं येणं मठाला द्यायचं आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकाने मठाला तेल द्यायचं, 'पळी पळी तेला'. अक्षरं मला दगडावर लागत नव्हती, फोनवर वाचन उघडून मी तो शब्द शोधत राहिले. पळी! ज्ञानेश्वरी लिहिली जायच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षं आधीची मराठी, आणि शब्द माझ्या स्वयंपाकघरातला. मला वाटतं, आपल्याकडे थोर माणसांचे पुतळे फार होतात, पण त्यांचं पुस्तक रात्री वाचता यावं म्हणून दिव्याच्या तेलाची सोय लावणारा नातू क्वचित निघतो. त्या तेल्यांना त्यातलं गणित कळत असेल-नसेल. पळी मात्र घालायचे.

भाच्याला मी लीलावतीतलं भुंग्यांचं कोडं घातलं. थव्यातले एकपंचमांश कदंबावर गेले, एकतृतीयांश शिलींध्रावर, ह्या दोन संख्यांमधल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक बिचारा केतकी-मालतीच्या वासात घुटमळत हवेतच राहिला. तर एकूण भुंगे किती? त्याने जोत्याच्या कडेला ओल्या मातीत काडीने आकडे मांडले, दोनदा पुसले. तिसऱ्यांदा म्हणाला, "पंधरा." मग जरा वेळाने, "आत्या, तो एक का नाही बसला?" ह्याचं उत्तर मला येत नव्हतं.

पंक्चरमुळे धुळ्याची गाडी हुकलीच होती. भावाकडे मुक्काम केला. जेवणं झाल्यावर भाच्याने नवीन काढलं, एका पळीत तेल किती मावतं? वहिनीने कुरकुरत बरणीतली पळी काढून दिली. मापायला त्याने खोकल्याच्या औषधाचं झाकण आणलं. दोन झाकणं भरली, तिसऱ्यात थोडं उरलं. कागदावर लिहून ठेवलं, आणि खाली 'घाणे किती?' असा प्रश्न.

"झालं ना?" वहिनी म्हणाली. "मग ते तेल परत बरणीत ओत. आणि सांडू नको, आत्ताच ओटा पुसलाय."